हॉलचे कुलूप शनिवारी उघडा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिले होते, की आता चर्चमध्येही तरुणांना गोळा करायला गिटार, नाटक आणि रंगीत दिवे लागतात, नुसत्या प्रार्थनेला बसायला कुणी तयार नाही. पत्रात खोच नव्हती, काळजी होती. म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले. मी जन्माने कॅथलिक, मोहन नगरात राहते, चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या आमच्या समुदायात, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तरुणांसाठी आराधना आणि कला यांची मिळून एक संध्याकाळ होते. तिला वेगळे नाव नाही. मुले तिला नुसते 'शनिवार' म्हणतात. तीन वर्षांपासून मी तिच्या मागच्या कामांत आहे : सतरंज्या, रंग, माती, पोहे. पत्र लांबले आहे. जागेसाठी कापावे लागलेच तर मधले कापा, शेवटची विनंती तेवढी ठेवा.

आधी ती संध्याकाळ कशी असते ते सांगते. साडेसहाला चर्चमधले मोठे दिवे मालवतात. वेदीवर फक्त मेणबत्त्या. फादर पवित्र साक्रामेंत आणून वेदीवर ठेवतात. इतर धर्मांच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेल्या भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो अशी आमची श्रद्धा आहे. ती लहानशी पांढरी चकती सोनेरी किरणांच्या पात्रात ठेवतात आणि आपण तिच्यासमोर बसायचे असते. सुरुवातीला एक गीत, मध्ये बायबलमधला एक उतारा, बाकी पाऊण तास कुणी काही बोलत नाही. माइक बंद. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. कन्फेशनसाठी एका कोपऱ्यात दुसरे फादर बसलेले असतात, ज्याला जावेसे वाटेल तो उठून जातो. शेवटी धूप, आशीर्वाद आणि 'तांतुम एर्गो', म्हणजे संत थॉमस अक्वायनस यांच्या तेराव्या शतकातल्या लॅटिन स्तोत्राची शेवटची दोन कडवी. लॅटिन कुणालाच येत नाही, पण चाल सगळ्यांना पाठ आहे.

नागपूरचा मे महिना आपल्या वाचकांना सांगायला नको. संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. चर्चमध्ये चार मोठे कूलर आहेत आणि त्यांची घरघर अशी, की शेजारचा खोकला तरी ऐकू येत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आराधनेच्या आधी माझ्याकडे आला.

"टीचर, शेवटचे दहा मिनिटं कूलर बंद करू काय? काही ऐकूच येऊन नाही राहिलं."

"अरे, ऐकायचं काय आहे तिथं? कुणी बोलत तर नाही."

"तेच," तो म्हणाला.

कूलर बंद केले. सत्तर-ऐंशी मुले-मुली घामाने निथळत बसून राहिली. एकही उठले नाही. त्यानंतर ती दहा मिनिटे कायमचीच झाली. तरुणांना शांतता नको असते असे ज्यांना वाटते, त्यांनी मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे यावे आणि मागच्या बाकावर बसावे.

आठच्या सुमारास सगळे बाजूच्या हॉलमध्ये येतात. तर्री पोहे आणि चहा होतो. मग कुणी गाते, कुणी कविता वाचते, कुणी महिनाभर काढलेले चित्र भिंतीला टांगून चार वाक्ये बोलते, कधी एखादा प्रवेश होतो. सव्वानऊला बंद म्हणजे बंद. मुलींना लांब जायचे असते, मेट्रो आणि बस मिळायला हवी, आणि दहानंतर आवाज करायचा नाही हा कायदा आम्हालाही आहे.

आता पत्रलेखकांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो मी उडवून लावत नाही. पहिले चार महिने आम्ही नेमके तेच केले ज्याची त्यांना भीती वाटते. बाहेरून वाद्यवृंद आणला, दिव्यांचा ट्रस आणला, धुराचे यंत्रसुद्धा आणले. पहिल्या वेळी दोनशेच्या वर मुले आली. हॉल भरला म्हणून आम्ही खूश. आराधनेला मात्र त्यातली चाळीससुद्धा नव्हती. बाकीची फाटकापाशी उभी राहून, आतले संपले की नाही, हे विचारत होती. चौथ्या महिन्याला वाद्यवृंदाचे पैसे जमले नाहीत आणि एकोणतीस मुले आली. त्या रात्री सतरंज्या गुंडाळताना आम्ही मोठी माणसे फार निराश झालो होतो. चूक कुठे झाली ते एका मुलीनेच सांगितले. ती म्हणाली, "टीचर, तुम्ही आम्हाला बघायला बोलावता. आम्हाला काही करायला नाही देत."

ते वाक्य मला लागले, कारण आयुष्यभर मी वर्गात हेच सांगत आले होते. चित्र बघून कुणी चित्रकार होत नाही, हात रंगात घालावा लागतो. आणि इथे आम्ही कलेचे आमिष केले होते. गळाला गाणे लावायचे आणि आत ओढायचे. त्यात गाण्याचा अपमान आहे आणि प्रार्थनेचाही. त्यानंतर ठरले, की बाहेरचा कार्यक्रम नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. त्या तासाभराच्या शांततेत जो बसला आहे त्यानेच नंतर काही ठेवायचे, स्वतः केलेले. बेसूर असले तरी चालेल. संख्या वर्षभर चाळीस-पन्नासच्या पुढे गेली नाही. मग हळूहळू वाढली आणि टिकली.

याच काळात काही ज्येष्ठ मंडळी रागावली होती. "चर्चचं थेटर करून राहिले तुम्ही," असे एक आजोबा मला दारात म्हणाले. फादरांनी त्यांना चहाला बोलावून फिलिप नेरींची गोष्ट सांगितली, मीही तिथे होते. हे संत १५१५ साली फ्लोरेन्समध्ये जन्मले आणि त्यांचे सारे काम रोममध्ये झाले. तिथे ते तरुणांना दुपारी-संध्याकाळी जमवत. थोडे वाचन, त्यावर मोकळे बोलणे, प्रार्थना आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची साधी भक्तिगीते. आनिमुच्चासारखा मोठा संगीतकार त्या मंडळींसाठी गीते रचत असे. प्रार्थनेच्या त्या जागेला ऑरेटरी म्हणत, आणि पाश्चात्त्य संगीतात ऑरेटोरिओ नावाचा जो भव्य प्रकार पुढे झाला त्याचे नाव त्याच जागेवरून पडले. आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यायच्यात आधी प्रार्थना होती ना?" होती, फादर म्हणाले. "मग ठीक आहे." आता ते आराधनेला येतात. हॉलमध्ये येत नाहीत, पोह्यांचे ताट घरी पाठवावे लागते.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, असे मला वाटते. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस्कन फ्रायर्सनी, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या वाटेने जाणाऱ्या संन्याशांनी, 'कॅथलिक अंडरग्राउंड' नावाने अशाच संध्याकाळी सुरू केल्या. तिथेही आधी चर्चमध्ये आराधना आणि मग संगीत व इतर कला, हाच क्रम आहे. जर्मनीत २००५ साली कलोनच्या जागतिक युवा दिनानंतर, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या जागतिक मेळाव्यानंतर, बॉन शहरात विद्यार्थ्यांनी 'नाइटफीव्हर' सुरू केले. रात्री चर्च उघडे ठेवायचे, आत आराधना आणि मंद गाणी, आणि तरुणांनी रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला मेणबत्ती देऊन आत बोलवायचे. आमच्या एका मुलाला हे फार आवडले. सदरच्या रेसिडेन्सी रोडवर आपणही मेणबत्त्या घेऊन उभे राहू, असे तो म्हणाला. मी नाही म्हटले आणि अजूनही नाहीच म्हणेन. तिथल्या रस्त्यावर त्याचा जो अर्थ होतो तो इथे होणार नाही. आमचे दार उघडे असते, जो येतो त्याला कुणी धर्म विचारत नाही, आणि कुणाला हाताला धरून आत नेणे हे आमचे काम नाही. मुलगा थोडा हिरमुसला. पण पुढच्या महिन्यात त्याचे दोन मित्र आपणहून आले, एक हिंदू, एक बौद्ध. हॉलमध्ये सगळ्यांत चांगली बासरी आज त्यांच्यातलाच एक वाजवतो, आणि आराधनेच्या वेळी तो शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसतो.

उपासना आणि कला एकाच संध्याकाळी, हे विदर्भाला काही नवे नाही. माझे आजोळ अमरावती जिल्ह्यात. दिवेलागणीला गावात सामुदायिक प्रार्थना व्हायची, तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर चालायची, आणि त्याच वेळी आमची आजी ओसरीवर आम्हा भावंडांना घेऊन जपमाळ म्हणायची. खंजिरीचा ठेका आमच्या जपमाळेत शिरला होता. आजी त्याला हटकत नसे. उलट लय सुटली की मांडीवर हाताने धरायची.

मुलांच्या कामांविषयी लिहायचे तर पहिला मान गव्हाणीचा, म्हणजे नाताळात मांडतात त्या येशूजन्माच्या देखाव्याचा. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली आणि तिच्यापाशी मिस्सा झाली. त्याला २०२३ साली आठशे वर्षे झाली, म्हणून आम्ही ठरवले की त्या वर्षी बाजारातले पुतळे आणायचे नाहीत. चितार ओळीत शाडू घ्यायला गेले. तिथल्या एका मूर्तिकारांनी विचारले, "बाई, आता डिसेंबरात शाडू कशाले?" सांगितले. त्यांनी पैसे मातीचेच घेतले आणि पुढे दोन शनिवार स्वतः येऊन मुलांना मातीत कापूस मळायला शिकवले, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी करायची, आणि ती करताना बोलायचे नाही, हेही त्यांनीच सांगितले. मुलांनी ते आराधनेसारखेच पाळले.

त्याआधी मी त्यांना पडद्यावर अँजेलो द फोन्सेका यांची चित्रे दाखवली होती. गोव्यात १९०२ साली जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले, पुढे पुण्यात राहिले आणि १९६७ साली वारले. त्यांची मरिया साडी नेसते, तिचा चेहरा आपल्यातल्या बाईचा आहे. हे गोव्यात पुष्कळांना रुचले नाही, विरोध झाला, तरी त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही. मुले बराच वेळ गप्प बघत होती. मग त्यांनी जी गव्हाणी केली तिच्यात योसेफाच्या खांद्यावर दुपट्टा होता, मेंढपाळांच्या अंगावर घोंगडी, आणि बैलाच्या जागी वर्ध्याकडची पांढरी गवळाऊ गाय. मरियेला लुगडे. ते बघून एक ऐंशीच्या आजी आधी नाराज झाल्या. दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन परत आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "कामाच्या बाईचा पदर असा लोंबत नाही रे, कमरेला खोचलेला राह्यते." मुलांनी पदर खोचला. आजी तिथेच खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसल्या.

भाषेविषयी थोडे. आमच्या हॉलमध्ये तमिळ, मल्याळी, कोंकणी, सादरी आणि मराठी घरांतली मुले एकत्र असतात. आपसांत नागपुरी हिंदी बोलतात, लिहितात इंग्रजीत. ज्यांच्या घरी मराठी आहे तीच मुले मराठीत प्रार्थना म्हणायला लाजतात, जणू ती शहराबाहेर ठेवून यायची वस्तू आहे. मला याचे वाईट वाटते. गेल्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातून आलेली नर्सिंगची एक विद्यार्थिनी, जी वर्षभर फक्त कप धुवायला पुढे यायची, ती उभी राहिली आणि वहीतून दोन ओळी म्हणाली. वाचल्या नाहीत, जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हटल्या. तिची परवानगी घेऊन देते :

रातपाळीच्या वॉर्डात, मंद दिवा, सहा खाटा,
माझ्या आधी फिरे येशू, ओल्या लादीवर वाटा.

हॉल स्तब्ध झाला. मल्याळी मुलांनीही अर्थ विचारला नाही. चाल कुठून आणली म्हणून विचारले तर म्हणाली, आजी दळताना म्हणायची, विठ्ठलाच्या आणि येशूच्या दोन्ही म्हणायची. पुढच्या वेळी फादरांनी तिच्यासाठी फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आणले. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट संघाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने ख्रिस्तकथा लिहिली. १६१६ साली ती रायतूरला रोमन लिपीत छापली गेली आणि चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवली जाऊ लागली. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला ओवीतून देवाशी बोलावेसे वाटले, आणि आमच्या मुलांना मराठीची लाज वाटावी! फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी घरी दिवा लावला होता. त्यांच्यासारख्यांचा वारसा सांगायचा असेल तर एखाद्या मुलीला वहीतल्या दोन ओळी म्हणायला जागा द्यावी लागते. त्या मुलीच्या वहीत आता तीसेक ओव्या आहेत.

आणि दंडार, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे गाण्या-नाचाचे लोकनाट्य. ब्रह्मपुरीकडचा एक मुलगा वसतिगृहात राहतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांना झाडीपट्टीची रंगभूमी कळली. या मुलाच्या घरी ती पिढ्यान् पिढ्या आहे. त्याने लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त दंडारीत बसवला. ढोलकी, टाळ, लुगडे नेसून आई झालेला मुलगा, सगळे रीतीप्रमाणे. धाकटा वाटणी घेऊन जातो, उधळतो, डुकरांमागे फिरतो, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. हॉलमध्ये टाळ्या. पण त्या मुलाने खरा जोर लावला होता तो पुढच्या भागावर. मोठा भाऊ धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येतो आणि घरातून गाणे-वाजवणे ऐकू येते. बायबलात तसेच आहे : वाद्ये आणि नृत्य यांचा आवाज ऐकून तो थबकतो. आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन समजावतो. आणि दृष्टान्त तिथेच संपतो. मोठा भाऊ आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. मुलांनीही दाखवले नाही. मोठ्या भावाचे काम करणारा मुलगा हॉलच्या दाराबाहेर, पोर्चमध्ये जाऊन उभा राहिला, आत ढोलकी चालू राहिली, आणि दिवे गेले.

मी मागे उभी होते. मला माझा मुलगा दिसला.

हे मी कधी कुठे लिहिले नव्हते. मुलगा नऊ वर्षांचा असल्यापासून तबला शिकत होता. सात वर्षे शिकला, गांधर्वच्या परीक्षा दिल्या, सकाळी शाळेआधी तास-तास रियाज करायचा. सोळाव्या वर्षी, नाताळच्या तयारीत, तो आपणहून तबला-डग्गा घेऊन गायनवृंदाच्या तालमीला गेला. तेव्हाच्या जबाबदार व्यक्तीने सगळ्यांसमोर सांगितले, की हे देवळात वाजवतात, इथे नाही. मुलगा काही बोलला नाही. तबला टॉवेलात गुंडाळून घरी आणला आणि कपाटावर ठेवला. पुन्हा काढला नाही. हळूहळू मिस्सेला येणेही सुटले. आता तो पुण्यात नोकरी करतो. नाताळला येतो, मला गाडीतून चर्चपर्यंत सोडतो, आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर गाडीत थांबतो.

त्या दृष्टान्तातला मोठा भाऊ गाणे ऐकून बाहेर थांबला. माझा मुलगा त्याचे गाणे नाकारले म्हणून बाहेर गेला.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे, की प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, आणि योग्य असतील ती इतर वाद्येही उपासनेत घेता येतील. देशभरातल्या कितीतरी चर्चमध्ये हार्मोनियम-तबला वर्षानुवर्षे वाजतो आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हते. माहीत असते तर मी त्या तालमीत उभी राहून भांडले असते. मी गप्प बसले, आणि मुलाने माझे गप्प बसणे पाहिले. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी नट होते. जर्मनांनी पोलंड व्यापला होता तेव्हा ते क्राकूफमध्ये लोकांच्या घरात लपून नाटके करत. १९९९च्या ईस्टरला त्यांनी जगातल्या कलावंतांना एक लांब पत्र लिहिले. ते मी निवृत्त झाल्यावर वाचले, आणि वाचताना अनेकदा थांबले. चर्चला कलेची गरज आहे, असे त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. ते माझ्या मुलाला सोळाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवे होते.

म्हणून संपादक महाशय, पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच आहे, की तरुणांना आत आणायला कला वापरू नये, यात आपले एकमत आहे. पण जे मूल हातात काही घेऊन दारात आले आहे, त्याला ते बाहेर ठेवून ये म्हणू नये.

आता विनंती. नागपुरात धर्मग्रामांचे आणि शाळांचे कितीतरी हॉल संध्याकाळी कुलपात असतात. महिन्यातून एक शनिवार ते उघडावेत. खर्च पोह्यांचा आणि विजेचा. परीक्षेच्या दिवसांत गायन-नाटक बंद ठेवले तरी चालेल, तासाभराची शांतता बंद ठेवू नये, तेव्हाच तिची मुलांना जास्त गरज असते. पालकांनी मुलींना घ्यायला यावे, आणि थोडे लवकर येऊन मागे बसावे. आपल्या दैनिकात 'आज शहरात' म्हणून जे छोटे सदर येते त्यात अशा संध्याकाळींना एक ओळ मिळावी. आपल्या महाधर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स लोकांनी ऐकायला नकार दिला तेव्हा हाताने पत्रके लिहून घरांच्या दारांखालून सरकवत असत, आणि १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. त्यामुळे हे मागणे आपल्याकडे केले तर वावगे होणार नाही.

आणि कलावंतांनो, आपण कोणत्याही धर्माचे असा, आम्हाला आपला कार्यक्रम नको, आपला वेळ हवा. चितार ओळीतल्या त्या मूर्तिकारांसारखे दोन शनिवार या, मुलांच्या शेजारी बसा आणि शिकवा.

विशेषतः तबला शिकवणाऱ्यांची गरज आहे. दंडारीनंतर मी मुलाला फोन करून सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुडी गेली असेल आई. नवी बसवून घे." मी कपाटावरून तबला काढला, महाल भागात नेऊन नवी पुडी, म्हणजे वरचे कातडे, बसवून आणली. तीन मुले शिकायला तयार आहेत, त्यातली एक त्या ओव्या म्हणणारी मुलगी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ज्यांना देता येईल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. शनिवारी साडेसहापासून आराधना, आठपासून हॉल. वाद्य आमच्याकडे आहे. तबला काळी दोनच्या पट्टीचा आहे, डग्गाही चांगला आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
मोहन नगर, नागपूर